मितभाषी माणसाचा फाल्गुन

यंदा माण तालुक्यात पुन्हा चाराछावण्या लागल्या. साताऱ्यात आमच्या गच्चीवरून माण दिसत नाही. मध्ये डोंगर आहेत, आणि आता डोंगरांच्याही अलीकडे चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी फाल्गुन निम्मा सरला की दुपारच्या झळेबरोबर भाजलेल्या मुरमाचा एक वास येतो, आणि मग छावण्यांची बातमी मला वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही.

नेमक्या याच दिवसांत गावच्या वाचनालयाची स्मरणिका टपालाने आली. तिच्यात माझ्यावर अडीच पानांचा लेख आहे. लिहिणारा वसंता, माझ्याच गावचा, सांगलीच्या महाविद्यालयात माझ्याच बाकावर बसलेला, आणि आयुष्यभर माझ्याविषयी माझ्यापेक्षा अधिक बोललेला मित्र. बहात्तरच्या दुष्काळात मी गावची ऐंशी जनावरे माणातून कृष्णाकाठी नेली, वाटेत मोजून दहा शब्द बोललो असेन, आणि तेव्हापासून गावाने मला आपला पुढारी मानले, असे तो लिहितो. पुढे एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे उतरवतो: ‘वाटेत एका स्त्रीच्या चुकीने सहा जनावरे दगावली, परंतु त्या स्त्रीचे नाव त्यांनी आजतागायत ओठांवर येऊ दिले नाही. असे पुरुष आता घडत नाहीत.’

घडत नसतील तर बरेच आहे. त्या वाक्यातील स्त्री खरी आहे, सहा जनावरे खरी आहेत आणि माझे न बोलणेही खरे आहे. चूक मात्र माझी होती. ती तिच्या नावावर गेली, मी ती जाऊ दिली, आणि ज्या गोष्टीची मला लाज वाटायला हवी होती तिच्यासाठी गावाने मला पंधरा वर्षे सरपंच केले.

वसंताला हे मी दूरध्वनीवर सांगितले. तो हसला. म्हणाला, “तू लय मोठ्या मनाचा हाईस, म्हनून असं म्हनतोस.” हा माझा जुना पेच आहे. मी गप्प बसलो की ते माझे धीरोदात्त मौन ठरते, आणि खरे बोललो की माझा विनय. तेव्हा आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. घरातली मंडळी म्हणतात की म्हातारपणी मला वाद घालण्याचा नाद लागला आहे. ज्याने तोंड उशिरा उघडले त्याचे असे होणारच.

हे मौन मी कोठे शिकलो, हे मला तंतोतंत ठाऊक आहे. सांगलीच्या एका चित्रपटगृहात, रविवारी सकाळी साडेनऊच्या खेळाला.

माधवनगरला माझे मामा कापडगिरणीत होते. त्यांच्या दोन खोल्यांत मी शिकायला राहिलो होतो. रविवारी सकाळी मामांची सायकल काढायची, वसंताला पुढच्या दांडीवर घ्यायचे आणि सांगली गाठायची. त्या वेळच्या खेळाला इंग्रजी चित्रपट लावत, आणि आमच्या नशिबाने त्यांत घोड्यांचे आणि गुरांचे अधिक असत. पत्र्याच्या छताखाली पंखे घरघरत. दारांच्या काळ्या पडद्यांच्या फटींतून सकाळचे ऊन आत घुसून तिरक्या पट्ट्यांत धूळ नाचवी, आणि पडद्यावरच्या वाळवंटातली धूळ कोणती आणि सांगलीची कोणती हे काही वेळ कळत नसे. रात्रपाळी उरकून आलेले गिरणीकामगार असत; हळदीच्या पेठेतले हमाल असत, ज्यांचे टाळ्या वाजवणारे हात अंधारातही पिवळे असल्यासारखे मला वाटत. कागदाच्या पुडीतल्या भडंगाचा, तळलेल्या लसणाचा वास सर्वत्र भरलेला असे. आजही तो वास आला की माझी पाठ नकळत ताठ होते.

पडद्यावर एक माणूस असे. चेहरे बदलत, माणूस तोच. शेकडो गुरांच्या कळपापुढे तो घोड्यावर बसलेला असे, रुंद काठाची टोपी भुवयांवर ओढलेली, डोळे उन्हाने बारीक केलेले. मागे दहा-बारा गडी. नदी आडवी आली की तो थांबे. गडी काहीतरी बडबडत. तो ऐकतही नसे, असे आम्हाला दिसे. नदीकडे पाही, आणि मग उजवा हात हळूच वर उचलून पुढे टाकी. बस्स. सारा कळप पाण्यात उतरे. कुणी विचारले नाही, याने सांगितले नाही. जो फार बोले तो एक तर फितूर निघे, नाही तर पुढच्या रिळात मरे. एक दात पडलेला म्हातारा असे, तो आभाळाकडे बोट दाखवून काही बजावू पाही, आणि थिएटर त्याला हसे. बायका दारात उभ्या राहत. घोडा दिसेनासा होईपर्यंत त्यांना दुसरे काम नसे.

वसंता माझ्या दंडाला चिमटा काढून कुजबुजे, “बगितलंस गड्या? एक शबुद न्हाई.”

पुढील सहा दिवस आम्ही तसे जगायचा सराव करत असू. पानपट्टीच्या आरशासमोर वसंता काडेपेटीतली काडी दातांत धरून डोळे बारीक करी. मला आरशाची गरज नव्हती. मला ते साधले होते. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मी दोन क्षण त्यांच्याकडे नुसता पाहत असे. मुले माझ्यामागे येऊ लागली. सहलीला कोठे जायचे, संमेलनात कुणाला उभे करायचे, हे ठरवताना शेवटी सगळे माझ्याकडे पाहत, आणि मी एकदा मान हलवली की ठरत असे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ही सत्ता किती गोड वाटते हे सांगता येणार नाही. कारण न देता माणसे आपले ऐकतात, याहून मोठे पौरुष मला तेव्हा ठाऊक नव्हते.

अलीकडे विद्वान मंडळी या चित्रपटांविषयी लिहितात, तेही मला मान्य नाही. त्यांच्या मते या चित्रपटांनी आमच्या पिढीला बंदूक आणि सूड शिकवला. आमच्यापैकी कुणी कुणावर बंदूक रोखली नाही. माणात बंदुका होत्या कोठे? वसंताची उलट बाजू अशी की त्यांनीच आम्हाला गडी बनवले. दोघेही गोळीबारापाशी अडकले आहेत. अपाय झाला तो जेथे गोळी सुटत नव्हती त्या जागी.

त्या वर्षीचा फाल्गुन आठवायचा म्हटला की आधी तांबडा रंग आठवतो. सरकारी दुकानातील परदेशी ज्वारीची तांबूस भाकरी, खडी फोडणाऱ्यांच्या पापण्यांवरील तांबूस धूळ, संध्याकाळचे तांबडे, कोरडेठाक आभाळ. माणातली विहीर म्हणजे खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आणि शेवटी ओल्या बोटभर गाळात ठेवलेली वाटी. बायका त्या वाटीत पाणी झिरपायची वाट पाहत बसत. दावणीतली जनावरे हंबरायची थांबली होती. जनावर हंबरते तोवर त्याला आशा असते, असे माझे वडील, दादा, म्हणत. त्यांचे पत्र आले: परीक्षा राहू दे, ये. रहिमतपूरच्या पलीकडे कृष्णाकाठी आमचे पाहुणे होते. तेथे उसाचे वाढे मिळत होते, नदीला थोडे पाणी होते. गावची निवडक जनावरे तिकडे न्यायची होती. कर्ते पुरुष मुंबईला होते किंवा रस्त्याच्या कामावर. राहिलो कोण, तर मी, वसंता, दोन म्हातारे आणि पाच बायका.

स्मरणिकेत पाच बायका नाहीत. एक आहे, ती चूक म्हणून.

तिचे नाव हौसाबाई. नात्याने माझी वहिनी. तिचे मालक माझे लांबचे चुलतभाऊ, मुंबईत गिरणीला. तेव्हा ती तिशीची असावी. आमच्याकडे अर्धलीची रीत होती: आपले वासरू दुसऱ्याने वाढवायचे, आणि मोठे झाल्यावर त्यात दोघांची निम्मी मालकी. गावातले निम्मे लोक आपले वासरू हौसावहिनीकडे अर्धलीने देत, कारण तिच्या हातचे जनावर कधी खंगत नसे. कोणतेही जनावर ती पावलाच्या आवाजावरून ओळखी. त्या प्रवासात तिची स्वतःची एक गाय होती, पाखरी नावाची, पोटात वासरू असलेली. माणात बाईच्या नावावर जमीन नसे, घर नसे. हौसावहिनीचे म्हणून जे होते ते हेच होते: तिच्याकडे जनावर सोपवून माणसे निर्धास्त होत.

मी एका धनगराचे तट्टू मागून घेतले. त्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीपासून वीतभर वर राहत. फौजेतून निवृत्त झालेल्या चुलत्यांची रुंद काठाची टोपी डोक्यावर घेतली. आज हे चित्र आठवले की हसू येते. त्या दिवशी कुणी हसले नाही. कळप निघाला तेव्हा मी पुढे होतो, वसंता बाजूला, आणि मागे, जेथे सारी धूळ असते तेथे, बायका.

पहिले दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे दिवस होते, हे मी आजही नाकारणार नाही. खटावच्या माळावर पहाटेच्या गारव्यात ऐंशी जनावरांच्या खुरांचा एकच एक सूर उठे. पळस फुलले होते. त्या करपलेल्या मुलखात पान नसलेल्या झाडांना ती फुले कोठून सुचली, कोण जाणे. वर्धनगडाचा घाट उतरताना खाली हिरवा ठिपका दिसला, आणि पुढच्या बैलांनी कान टवकारले. मी मागे वळून पाहिले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी काही बोललो नाही. बोलण्याची आवश्यकताच वाटू नये, अशी ती घटका होती.

तिसऱ्या दिवशी, होळी होऊन चार दिवस झाले होते, आम्ही ओढ्याकाठच्या एका रानाशी आलो. ज्वारी कापून नेलेली होती. आठवड्यापूर्वी त्या पट्ट्यात अवकाळी पावसाची एक सर पडून गेली असावी. धाटांच्या बुडख्यांतून हातभर कोवळी, पोपटी फूट वर आली होती. धनी जवळपास दिसत नव्हता. माणातल्या जनावरांनी सहा महिन्यांत हिरवे पाहिले नव्हते. ती थांबली, आणि ऐंशी माना एकदम त्या बाजूला वळल्या.

माणातील मुलाला किराळ ठाऊक नसते असे नाही. ज्वारीची खुरटी, कोवळी फूट उपाशी जनावराने खाल्ली की तिच्यातले विष भिनते आणि अर्ध्या तासात ते आडवे होते. लहानपणी मी ते ऐकले होते. सांगलीच्या तीन वर्षांत ते मनाच्या तळाशी गेले होते. मी रानाकडे पाहिले, डोळे बारीक केले आणि हात उचलून पुढे टाकला. तोच मागच्या धुळीतून हौसावहिनी पुढे आली. धापा टाकत होती. माझ्या तट्टाची दोरी धरून म्हणाली, “भाऊजी, हितं नगा सोडू. जुंधळ्याची फूट हाय ती. किराळ लागंल.”

मला ऐकू आले. ऐकू आले नाही असे मी कधी म्हणालो नाही, पुढेही म्हणणार नाही. पण वसंता पाहत होता, दोन्ही म्हातारे पाहत होते, आणि वर गेलेला हात खाली कसा घ्यायचा हे मला कोणत्याही रविवारच्या सकाळने दाखवले नव्हते. मी तिच्याकडे नुसते पाहिले, प्राध्यापकांकडे पाहत असे तसेच. तिने दोरी सोडली.

अर्धी जनावरे तिने आणि इतर बायकांनी आडवे होऊन अडवली. हे स्मरणिकेत नाही. त्या आडव्या राहिल्या नसत्या तर सहाचे साठ झाले असते. पहिला बैल वसंताच्या घरचा होता. त्याचे पाय एकाएकी लटपटले, तोंडाला फेस आला, आणि श्वासासाठी त्याने मान अशी वर केली की जणू आभाळात काही शोधतो आहे. हौसावहिनीच्या पदरात गुळाचा एक खडा बांधलेला होता, वाटेत स्वतःला खायला आणलेला. विषावर उतारा म्हणून तो तिने तांब्याभर पाण्यात विरघळवला आणि बांबूच्या नळकांड्याने त्या बैलाला पाजला, कारण तो जवळ होता. बैल वाचला. तांब्यात काही उरले नाही. पाखरी वीस पावलांवर पडली होती. वहिनी तिच्यापाशी पोचली तेव्हा गाय संपली होती. पोटातले वासरू मात्र अजून हलत होते, आणि वहिनी तेथे हात ठेवून ते थांबेपर्यंत बसून राहिली.

ऊन डोक्यावर होते. सहा जनावरे त्या हिरव्या रानात पांढरीशुभ्र पडली होती. मी तट्टावरून उतरलो नाही. कशासाठी उतरायचे, उतरून काय म्हणायचे, मला सुचेना. आणि मी बसून राहिलो तेही लोकांना धैर्य वाटले. आमच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक दुसऱ्याला म्हणाल्याचे मला ऐकू आले, की पोरगं घट्ट काळजाचं हाय.

पाच दिवसांनी दादा आणि गावची आणखी दोन कारभारी माणसे एस.टी.ने कृष्णाकाठी आली. पाहुण्यांच्या मळ्यात, सकाळी, उसाच्या वाढ्यांच्या ढिगाशेजारी सगळे बसलो. बायका थोड्या अंतरावर, पाठमोऱ्या. दादांनी विचारले, “कुनी सोडली रं गुरं त्या रानात?”

मी उत्तर दिले नाही. त्या क्षणी मला नेमके काय वाटत होते, ते मी पन्नास वर्षे तपासतो आहे. खोटे बोलायचे माझ्या मनात नव्हते. फक्त खरे बोलायला तोंड उघडावे लागणार होते. दादांची नजर हळूहळू माझ्यावरून सरकली आणि पाठमोऱ्या बायकांवर गेली. वसंता खाली मान घालून म्हणाला की मागं हौसावहिनीच हुत्या, गुरांबरोबर. त्यात त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. लांबून त्याला माझा हात म्हणजे नुसती पुढे चालण्याची खूण वाटली असावी, आणि आता मी तिला सांभाळून घेतो आहे असे. सगळ्यांनाच तसे वाटले. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांपुढे सुनेने तोंड उघडायचे नसते. हौसावहिनीने एकदा मागे वळून पाहिले, आणि पाहिले ते माझ्याकडे, दादांकडे नव्हे.

उठताना दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “नाव घेतलं न्हाईस. बरं केलंस. गडी मानसानं असंच असावं.”

दादांनी माझी केलेली ही एकमेव स्तुती. ती परत करायची म्हणजे हा हात खांद्यावरून काढून टाकायचा. मी तो काढला नाही.

त्यानंतर गावात एकाही घराने हौसावहिनीकडे अर्धलीने वासरू दिले नाही. कुणी तिला बोल लावला नाही; आमच्या गावाचे हे विशेष आहे, बोलून कुणी काही करत नाही. नुसती वासरे तिच्या दारावरून पुढच्या दाराला जाऊ लागली. मुंबईहून मालकांचे पत्र आले, त्यात काय होते ते मला ठाऊक नाही. पुढच्या दोन दिवाळ्यांना ते आले नाहीत, एवढे ठाऊक आहे. तिचा रिकामा गोठा माझ्या शेताच्या वाटेवर होता. मी वाट बदलली. सरपंच असताना त्या वाटेवर मी दिवे लावून दिले, आणि गाव म्हणाले की माणूस बोलत नाही, पण विसरतही नाही.

मी घरातही मितभाषी राहिलो. माझ्या पत्नीला माझ्या मनातले ओळखण्याची इतकी सवय झाली होती की ती गेली तेव्हा माझ्या मनात काय आहे हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. माझा मुलगाही फार बोलत नाही. लोक त्याला म्हणतात, वडिलांवर गेला. मला ते ऐकवत नाही.

मागच्या दिवाळीत माझ्या नातीने संगणकावर एक जुना चित्रपट लावून दिला. आजोबा, तुमच्या घोड्यांचा, असे म्हणून. पहिल्याच दृश्याला मी ओळखला. सांगलीत तो आम्ही दोनदा पाहिला होता. या वेळी पडद्याच्या तळाशी प्रत्येक संवाद अक्षरांत उमटत होता. इंग्रजी मला वाचता येते. तेव्हा पडद्यावरची ती जाडसर बोली आमच्यापैकी एकालाही कळत नव्हती. शिवाय रविवारच्या गर्दीला बोलण्याची दृश्ये सोसत नसत. दोन माणसे आगीपाशी बसून बोलू लागली की शिट्ट्या सुरू होत, आणि वरच्या खोलीतला यंत्र चालवणारा माणूस ती रिळे सरळ गाळून टाकी. हे आम्हाला ठाऊक होते. त्याबद्दल आम्ही त्याचे आभार मानत असू.

नदीचे दृश्य आले. तोच माणूस, तीच टोपी. आणि तो बोलत होता. एकसारखा बोलत होता. दात पडलेल्या त्या म्हाताऱ्याला विचारत होता, पाणी किती, गाळ किती, गेल्या खेपेस कोठून उतरलो होतो. म्हातारा सांगत होता, आणि तो मान हलवून ऐकत होता. सांगलीत थिएटर ज्या जागी हसले होते ती ही जागा. मग त्याने हात वर केला. आणि मग, जे आम्ही कधी पाहिलेच नव्हते: म्हातारा ओरडला, आणि टोपीवाल्या माणसाने आपला वर गेलेला हात खाली घेतला. सगळ्यांसमोर. पुढे रात्रीच्या आगीपाशी तो आपल्या गड्याला म्हणतो की काल मी चुकलो. इंग्रजीत चार शब्दांचे वाक्य आहे. ते सांगलीत वरच्या खोलीत कोठेतरी जमिनीवर पडले असेल.

नातीने विचारले, चित्रपट थांबवू का? मी नको म्हणालो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दोष त्या यंत्रवाल्याचा. ही पळवाट मला कुणी देऊ नये. जे आम्हाला कळत नव्हते त्याच्या जागी आम्ही आमचे आवडते भरले. ज्याला कारण द्यावे लागत नाही, विचारावे लागत नाही आणि चुकलो म्हणावे लागत नाही, असा पुरुष आम्हाला हवा होता; पडद्यावर नसता तर तो आम्ही भिंतीवरच्या डागांतूनही शोधला असता. आणि तसाच माणूस गावालाही हवा होता, नाही तर पंधरा वर्षे मला कुणी निवडून दिले असते?

स्मरणिका आल्याच्या चौथ्या दिवशी मी एस.टी.ने गावी गेलो. हौसावहिनी आता ऐंशीच्या घरात आहे. सकाळची वेळ होती. अंगणात पाय पसरून ती मटकी निवडत होती. दोन शेळ्या होत्या, जनावर म्हणून तेवढेच. मालकांना जाऊन बारा वर्षे झाली. तिने मला ओळखले, पदर सावरला, बसा म्हणाली, आणि सुपातून नजर काढली नाही.

मी बोललो. घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. तट्टू, हात, दादांचा प्रश्न, सगळे. आयुष्यात इतके सलग मी कुणाशी बोललो नसेन. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. खडा सापडला की बाजूला टाकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “मला कशाला सांगताय भाऊजी? मला ठावं हाय की.”

तिने सूप एकदा पाखडले.

“ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा.”

ज्यांना ठाऊक नव्हते ते कोण? दादा गेले, कारभारी गेले, दोन्ही म्हातारे गेले. ज्यांची वासरे तिच्या दारावरून पुढे गेली, त्यांची नातवंडे आज पुण्यात आहेत आणि त्यांना हौसाबाई कोण हे माहीत नाही. मी म्हणालो की लिहितो, छापून येईल असे पाहतो. कोण वाचतील, असे तिने विचारले. मी सांगितले, सांगली, सातारा, पुण्याची माणसे. तिने जरा विचार केला. सूप खाली ठेवले.

“मग नीट लिवा. मी दोनदा म्हनलं हुतं. तुमी हात वर करायच्या आदी बी म्हनलं हुतं, मागनं, मोट्यानं. तुमी वळून बगितलंसा. मग म्होरं गेलासा आन् हात टाकलासा. तवा मी पळत आले.”

वाद घालायला माझे तोंड उघडले. असे झालेले मला आठवत नाही. मला आठवतो तो आधी वर गेलेला हात, आणि मग तिचा आवाज. गेली पन्नास वर्षे मी माझ्यावर एवढीच एक मेहेरबानी केली होती, की तिने सांगितले तेव्हा हात आधीच वर गेला होता. वहिनी माझ्याकडे पाहत होती. मळ्यात पाहिले होते तसे नव्हे. आता त्या नजरेत काही मागणे नव्हते, नुसते बरोबर लिहिले जाते की नाही एवढेच ती पाहत होती.

“बरं,” मी म्हणालो. “दोनदा.”

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. हा मजकूर मी घरी येऊन लिहिला. वर रानातला प्रसंग मला आठवतो तसाच राहू दिला आहे, पण वाचकांनी तो तसा धरू नये. हौसाबाईने मला दोनदा सांगितले होते, आणि पहिल्यांदा सांगितले तेव्हा माझा हात अजून तट्टाच्या दोरीवर होता.